उत्तरा नक्षत्रातली दुरुस्ती

आभाळ स्वच्छ होतं आणि भिंतीवरचं यंत्र हवा बिघडणार असं सांगत होतं, म्हणून मी यंत्र दुरुस्त केलं. एकदा नाही, चार दिवसांत तीनदा.

तेव्हा माझं वय अठ्ठावीस होतं असं सांगितलं की ऐकणारे जरा सौम्य होतात. पण मी भोसरीच्या एका कारखान्यात गेज-रूमचा इन्स्पेक्टर होतो, हे कळलं की पुन्हा कडक होतात. आणि त्यांचं बरोबरच आहे. लेथवर निघालेला माल बरोबर की चूक हे ज्या मापयंत्रांनी ठरायचं, ती मापयंत्रं बरोबर की चूक हे मी ठरवायचो. मला तपासणारा कोणी नव्हता. माणूस बिघडायला एवढं पुरतं.

भिंतीवरचं यंत्र म्हणजे वायुभारमापक. शाळेच्या पुस्तकात त्याचं चित्र असायचं आणि परीक्षेत ते हटकून माझं चुकायचं. बहात्तर सालच्या श्रावणात पुण्याच्या जुन्या बाजारात ते मला भेटलं. पितळी, ताटलीएवढं, तबकडीवर इंग्रजीत 'स्टॉर्मी'पासून 'व्हेरी ड्राय'पर्यंत हवेच्या सगळ्या तऱ्हा लिहिलेल्या.

"साहेबाच्या बंगल्यातलं हाय," विकणारा म्हणाला. "पाऊस आधी कळतो."

"पाऊस पडतोय कुठे कळायला?"

"म्हणून तर स्वस्तात देतोय."

ते दुष्काळाचं वर्ष. श्रावण कोरडा, भादवा कोरडा. भोसरीच्या पुढे चाकण रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंची बाजरी गुडघ्याएवढी होऊन वाळून उभी होती. आमच्या बैठ्या चाळीत आठ घरं आणि नळ एक, तोही दिवसातून एकदा शिंकरल्यासारखा यायचा. अशात मी घरी यंत्र टांगलं, तर काटा सरळ 'स्टॉर्मी'वर! मला कोण आनंद झाला. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये मी जाहीरच केलं, वादळ येतंय.

आठवडा गेला. काटा 'स्टॉर्मी'वरच. महिना गेला, काटा तिथंच. मी रोज सकाळी तबकडीवर टिचकी मारायचो आणि कारखान्यात जाऊन वादळ अजून निघालेलंच आहे असं सांगायचो. सुरुवातीला लोक खरोखर विचारायला यायचे. दुष्काळात माणूस कशावरही विश्वास ठेवतो. पुढं पुढं मात्र विचारण्यातला सूर बदलला.

"राव, वादळ कुठवर आलं? लोणावळ्याच्या घाटात बंद पडलं का?"

हे विचारणारा आमच्या खात्यातला टर्नर. माझा दोस्त. इंद्रायणीच्या अलीकडचं एक गाव त्याचं, दोन एकर जमीन, घरी आई, बायको आणि बैलजोडी. सात वाजता लेथवर उभा राहायचा आणि सुट्टीच्या दिवशी नांगरामागं. त्याचे किती जॉब मी केसाच्या जाडीएवढ्या फरकासाठी रिजेक्ट केले असतील, गणती नाही. त्यामुळं माझ्या वादळावर तोंडसुख घेण्याचा पहिला हक्क त्याचाच होता, आणि तो तो सोडत नसे.

त्याच्या घरी त्या साली बाजरीचा एक दाणा आला नाही. वर्षभर रेशनची तांबडी मिलो, म्हणजे अमेरिकेतून आलेली ज्वारी. तिच्या भाकरीला धड चवही नव्हती आणि धड वासही. ती चावायला लागायची फक्त जिद्द. त्याची आई म्हणायची, "बैलाम्होरं टाकली तर बैल माज्याकडं बगतो, 'तू खाल्लीस का आधी?' म्हून." 

वादळाचं कोडं पुढच्या उन्हाळ्यात सुटलं. चाळीत भूगोलाचे एक मास्तर राहायला आले. पहिल्याच दिवशी ते माझ्या भिंतीसमोर उभे राहिले आणि हसायला लागले. हसू ओसरल्यावर म्हणाले, "अहो, हे यंत्र समुद्रकाठचं. तुम्ही त्याला जवळजवळ अठराशे फूट उंचीवर आणून टांगलंय. इथं हवेचा दाब मुळातच कमी. त्या बिचाऱ्याला वाटतंय, जन्माचं वादळ लागलंय मागं!"

मग त्यांनी यंत्राच्या पाठीमागचा बारीक स्क्रू दाखवला. बाहेर लख्ख ऊन होतं. रेडिओवर सांगतात तो दाब, हे ते असा हिशोब करून त्यांनी माझ्याकडून तो स्क्रू हळूहळू फिरवून घेतला आणि काटा 'फेअर'वर आणला. "झालं. आता दाब उतरला की काटा उतरेल, चढला की चढेल. या स्क्रूला मात्र पुन्हा हात लावू नका," ते म्हणाले.

मास्तरांनी सांगितलेलं सगळं मी लक्षात ठेवलं, हे शेवटचं वाक्य सोडून.

त्या वर्षी पाऊस चांगला झाला. टर्नरची बाजरी पुरुषभर उंच झाली आणि कणसं अशी की तो कँटीनमध्ये कोपरापासून बोटांपर्यंत हात धरून लांबी दाखवायचा. मी म्हणायचो, "मायक्रोमीटर लाव, मग बोल." मध्ये छान उघडीप पडली, दाणा भरला, आणि सप्टेंबरच्या मध्यावर, उत्तरा नक्षत्र लागलं त्याच सुमारास, बाजरी कापायला आली.

आता अडचण अशी की आमचा फोरमन सुट्टी द्यायचा ती उपकार केल्यासारखी. त्यानं टर्नरला सांगितलं होतं, येत्या सोमवारपासून चार दिवस घे, नाहीतर थेट दसऱ्यानंतर. दसऱ्यापर्यंत थांबावं तर पाखरं निम्मं खाणार आणि पिकलेला दाणा गळणार. आता कापावी आणि वर पाऊस आला तर कापलेली बाजरी शेतात भिजणार, कणसातच कोंब फुटणार. शनिवारी जेवणाच्या सुट्टीत तो माझ्यासमोर येऊन बसला. नेहमीची चेष्टा नाही, काही नाही.

"म्हातारी म्हणती थांब. औंदा उत्तरेचं वाहन म्हस हाय म्हणं पंचांगात."

"म्हणजे काय?"

"म्हस म्हणजे पाऊस. तिला पाण्यात बसाया लागतं ना."

मी हसलो. चांगला दोन-तीन माणसांनी वळून बघावं असा हसलो. "एकीकडं पंचांगातली म्हैस, दुसरीकडं पितळी यंत्र. तूच ठरव बाबा."

"चेष्टा नगं राव. दोन वर्सांनी घरची बाजरी दिसतीया. यंत्र काय म्हणतंय?"

"फेअर."

"आता मास्तरांनी दुरुस्त केलंय न्हवं?"

"एकदम. लेखी देऊ का?"

खरी गोष्ट अशी होती की त्याच दिवशी सकाळी काटा 'फेअर'वरून 'चेंज'कडे अर्धं बोट घसरलेला होता. बाहेर बघावं तर ढगाचा ठिपका नाही आणि घामाच्या नुसत्या धारा. मी टिचकी मारली. काटा आणखी घसरला. गेज-रूममध्ये आमचा एक नियम होता: मास्टर गेज आणि दुसरं गेज यांच्यात फरक दिसला की चूक दुसऱ्याची. मी त्या हिशोबानं विचार केला. इथं मास्टर कोण? आभाळ. आभाळ काय म्हणतंय? स्वच्छ. म्हणजे चूक यंत्राची. मी स्क्रूड्रायव्हर आणला आणि काटा 'फेअर'वर नेऊन ठेवला. ही बारीकशी गोष्ट कँटीनमध्ये सांगण्यासारखी मला वाटली नाही.

सोमवारी सकाळी टर्नरनं कापणी सुरू केली. सोमवारी सकाळीच माझा काटा पुन्हा खाली. पुन्हा स्क्रूड्रायव्हर. संध्याकाळी रेडिओवर बातम्यांनंतर हवामान सांगताना बाई म्हणाल्या की बंगालच्या उपसागरातला कमी दाबाचा पट्टा पश्चिमेकडे सरकतोय. मी बायकोला म्हटलं, "बंगालचा उपसागर कुठं आणि भोसरी कुठं!" आणि रेडिओचा कान पिळून गाणी लावली.

मंगळवारी सकाळी काटा 'चेंज'च्याही पुढं. मी तिसऱ्यांदा स्क्रूड्रायव्हर घेऊन स्टुलावर चढलो. बायको बाळाला तेल लावत होती. ती वर न बघताच म्हणाली, "बिचारा तीन दिवस काहीतरी सांगायला बघतोय, आणि तुम्ही त्याचं तोंड दाबताय."

"तुला यंत्रातलं काय कळतं?"

"यंत्रातलं नाही कळत. सांगणारा आणि न ऐकणारा, एवढं कळतं."

दुपारी एकच्या सुमारास कारखान्याच्या पत्र्यावर कोणीतरी वाळूची पोती ओतावी तसा आवाज झाला. लेथ एकेक करून बंद पडले. माणसं दारात धावली. पाऊस असा की समोरचं सायकल-स्टँड दिसेना, आणि वारा असा की पाऊस आडवाच. आदल्या वर्षाच्या तहानेनं सगळ्यांना काय झालं होतं कुणास ठाऊक, चाळिशीचे बाप्ये हात बाहेर काढून ओंजळीत पाणी धरत होते. कोणीतरी ओरडला, "अरे, ते गेज-रूमचं वादळ आलं की! वर्षभर लेट झालं, पण आलं!" मग सगळे माझ्याकडं वळले. पाठीवर थापा. चहा. फोरमननंसुद्धा हात मिळवला.

अख्ख्या कारखान्यात तो पाऊस नको असलेला मी एकटा होतो, आणि अभिनंदनही माझंच चाललं होतं.

साडेतीनला शिफ्ट सुटली तसा मी सायकलवर टांग मारली. चाकण रस्त्यावर वाऱ्यानं दोनदा आडवा केला. छत्री पहिल्याच वळणाला उलटी झाली, ती मी तशीच काखेत मारून नेली, का ते अजून कळलेलं नाही. गावात पोहोचलो तर घराला कडी. शेतावर गेलो. दोन एकर बाजरी जमिनीवर आडवी, वरून पाऊस, आणि त्यात टर्नर, त्याची बायको आणि आई वाकून कणसं खुडून पोत्यात भरतायत. म्हातारीनं डोक्यावर गोणपाटाची खोळ घेतली होती. तिनं माझ्याकडं बघितलं, माझ्या उलट्या छत्रीकडं बघितलं.

"पोतं धर," ती म्हणाली. बास.

मी पोतं धरलं. टर्नरच्या शेजारी दोन तास कणसं खुडली. मी वाट बघत होतो की तो आता बोलेल, आता शिवी देईल, वादळ, यंत्र, लेखी, काहीतरी काढेल. तो एवढंच म्हणाला, "बुडकं नगं, नुस्तं कणीस घे." वर्षभर ज्यानं माझी सालं काढली, तो माझ्या खऱ्या चुकीच्या वेळी मला कणीस खुडायला शिकवत होता. त्यापेक्षा त्यानं मला बांधावरून ढकललं असतं तर चाललं असतं.

अंधार पडायच्या आत पोती घरात आली. ओटीवर, चुलीजवळ, बैलांच्या गोठ्यात, जिथं गळत नव्हतं तिथं. निघताना मी एका ढिगात हात घातला. आत ऊब धरायला लागली होती. ओल्या कणसांचा ढीग आतून तापतो आणि तापला की कोंब फुटतात, हे मला टर्नरनंच कधीतरी सांगितलं होतं. आमच्या दोघांचे हात त्या ढिगात एकदमच गेले होते.

"पसरायला जागा न्हाई, वारं लागायला वाट न्हाई," तो म्हणाला. "परवा हिरवी बाजरी बग. कणसातच उगवलेली."

घरी आलो तर बायको बाळाची लंगोटं वाळत घालत होती. पावसाळ्यात आमच्याकडं खोलीभर दोरी बांधलेली असायची आणि वर पंखा फुल्ल. त्या वाऱ्यानं दोन तासांत सगळं कोरडं. मी कपडे न बदलता सगळी हकिगत सांगितली. तिनं शेवटचं लंगोट दोरीवर टाकलं आणि विचारलं, "त्यांच्याकडं पंखा नाही?"

त्यांच्या गावात वीज होती, पण ती विहिरीवरच्या मोटारीपुरती. पंखा कुठल्या घरात असणार! आमच्या चाळीत मात्र पाच घरांत पंखे होते. कारखान्यांचा बोनस झाला की आधी पंखा यायचा, मग कपाट. मी दारात उभा राहून बायकोकडं बघत राहिलो. गेज-रूमच्या इन्स्पेक्टरला हे सुचलं नव्हतं.

बुधवारी मी जन्मातली पहिली खोटी आजारपणाची रजा टाकली आणि भल्या सकाळी गावात गेलो. म्हातारीला म्हटलं, "आई, पोती माझ्याकडं द्या. माझ्याकडं पंखा आहे."

"मग? गरम हुतंय का बाजरीला?"

"होतंय की," टर्नर ढिगातून हात काढत म्हणाला. आणि कालपासून पहिल्यांदा त्यानं माझ्याकडं नीट बघितलं. "गाडी जुंपू का?"

ताडपत्री घालून बैलगाडी भोसरीत आली तेव्हा अख्खी चाळ दारात उभी. पंखेवाल्या पाचही घरांनी पोती वाटून घेतली. मास्तरांनी तर स्वतःहून तीन मागून घेतली आणि कॉट भिंतीला उभी करून जागा केली. पुढचे चार दिवस आम्ही बाजरीवर राहिलो. पायाखाली बाजरी, कॉटखाली बाजरी, वर पंखा पाचवर. मी आणि टर्नर घरोघरी फिरून दर तासाला कणसं खालीवर करायचो. गुरुवारी दुपारी वीज गेली, तेव्हा जो देखावा झाला तो मी विसरणं शक्य नाही: प्रत्येक दारात एकेक माणूस उकिडवा बसून सुपानं, पुठ्ठ्यानं, मुलांच्या पाटीनं बाजरीला वारा घालतोय. मास्तर नकाशाच्या गुंडाळीनं घालत होते. दोन तासांनी पंखे फिरले तेव्हा चाळीनं अशी आरोळी ठोकली की बाळ दचकून रडायला लागलं.

एक गोष्ट मात्र आम्हा कोणालाच ठाऊक नव्हती. बाजरीचं तूस अंगाला खाजतं, आणि पंखा ते सगळीकडं पोहोचवतो. आमटीत तूस, अंथरुणात तूस, बनियनमध्ये तूस. चाळीतला माणूस रस्त्यात कुठंही ओळखू यायचा. बोलता बोलता पाठ खांबाला घासायचा. शुक्रवारी मी कामावर गेलो, गेज-रूममध्ये मापं घ्यायच्या काळ्या गुळगुळीत सरफेस प्लेटवर वाकलो, आणि माझ्या कॉलरमधून बाजरीच्या तुसाची एक झुळूक त्या प्लेटवर उतरली. तिथं धुळीचा कण चालत नसे. फोरमन बघत उभा होता.

"आजारी होतास ना?" तो म्हणाला. "काय झालं होतं, कापणी?"

पाऊस शुक्रवारी रात्री थांबला. नदी दोन्ही काठ धरून चालली होती, चाळीचा नळ दिवसभर वाहत होता, आणि जो तो म्हणत होता की असा पाऊस बऱ्याच वर्षांत झाला नाही. शनिवारी ऊन पडलं. रविवारी सकाळी टर्नर बैलगाडी घेऊन आला. या वेळी गाडीत त्याची आई होती.

ती एकेका घरात गेली. कणीस उचलायची, तळहातावर चोळायची, फुंकर मारायची, दाणा दातांखाली धरायची, आणि पुढच्या घरात. चाळ तिच्यामागं. मास्तरसुद्धा निकालाला आल्यासारखे. आमच्या खोलीत ती सगळ्यात शेवटी आली. खालच्या थरातली काही कणसं काळी पडलेली होती, ती तिनं वेगळी काढून बैलांसाठी बाजूला टाकली. निम्म्याच्या आसपास तरी जाईल अशी माझी धास्ती होती. बाजूचा ढीग गुडघ्याएवढाही झाला नाही. मग तिनं मधलं एक कणीस घेतलं, चोळलं, चिमूटभर दाणे तोंडात टाकले आणि चावत बसली. टर्नर दाराला टेकून उभा होता. त्याचा श्वास मला ऐकू येत होता, किंवा तो माझाच असेल.

"भाकर व्हईल," ती म्हणाली. "गोड हाय."

टर्नर एकदम खाली बसला आणि खाजवायला लागला. सगळेच हसले. बायकोनं चहा आणला. म्हातारीनं बशीत ओतून घेतला, दोन घोट घेतले, बायकोच्या पाठीवरून हात फिरवला आणि विचारलं, "पंख्याचं कुणाच्या टकुऱ्यात आलं? तुज्या न्हवं?" 

बायको लाजून हसली.

"वाटलंच." म्हातारीनं बशी खाली ठेवली. मग माझ्याकडं बराच वेळ बघितलं, म्हणजे गेजकडं मी जसं बघायचो तसं, आणि मान वळवून लेकाला म्हणाली, "ह्यो मानूस चांगला हाय रं. फकस्त त्याला कायबी इचारत जाऊ नगंस."